क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमातले नर्सिंग विद्यार्थी आणि वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरचं मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम आल्यापासून वॉर्डात पोस्टिंगला येणाऱ्या मुलामुलींबद्दल इन्चार्ज सिस्टर, स्टाफ नर्स आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर (कॉलेजकडून वॉर्डात शिकवणारे शिक्षक) सतत काही ना काही विचारत असतात. विद्यार्थीही विचारतात, फक्त दबक्या आवाजात. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांची रोजची घडी डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

या अभ्यासक्रमात नेमकं बदललं काय?

भारतीय परिचर्या परिषदेने म्हणजे आय.एन.सी.ने बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम जुलै २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केला. २०२१-२२च्या प्रवेशापासून तो लागू झाला. वार्षिक परीक्षांच्या जागी आठ सत्रं आली, श्रेयांक म्हणजे क्रेडिट आले. इन्चार्ज सिस्टरच्या दृष्टीने मोठा बदल मात्र वेगळा आहे. पूर्वी विद्यार्थ्याने सर्जिकल वॉर्डात इतके तास भरले, इतक्या केस स्टडी लिहिल्या, असा हिशेब असायचा. आता शेवटी ‘याला काय करता येतं’ हे दाखवावं लागतं. परिषदेने दहा मुख्य क्षमता ठरवून दिल्या आहेत. रुग्णकेंद्री शुश्रूषा, सुरक्षितता, संवाद, गटात काम करणं, पुराव्यावर आधारित काम, गुणवत्तेत सुधारणा वगैरे त्यात येतं. प्रथमोपचार, आरोग्य तपासणी, बेसिक कार्डिॲक लाइफ सपोर्ट, नवजात बाळाची शुश्रूषा, पॅलिएटिव्ह केअर यांचे स्वतंत्र मॉड्यूल सक्तीचे आहेत. क्लिनिकलची हजेरी पदवीआधी शंभर टक्के भरावीच लागते.

डॉक्टरांकडे हा बदल आधी आला. एम.बी.बी.एस.ला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९च्या बॅचपासून सुरू झाला. त्यामुळे एकाच वॉर्डात आज दोन्हीकडची मुलं लॉगबुक म्हणजे केलेल्या कृतींची नोंदवही घेऊन फिरताना दिसतात. नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम, जी.एन.एम., मात्र अजूनही तीन वर्षांचा आणि वार्षिक पद्धतीचाच आहे. बी.एस्सी. आणि जी.एन.एम.च्या विद्यार्थ्यांना एकाच फुटपट्टीने मोजलं की तिथून गैरसमज सुरू होतात.

या विद्यार्थ्यांबद्दल इन्चार्ज सिस्टर चांगलं काय सांगतात?

बरंच काही. पहिली गोष्ट म्हणजे हात धुणं. ट्रॉलीवरचं सॅनिटायझर ही मुलं न सांगता वापरतात, आणि वीस ते तीस सेकंद नीट चोळून वापरतात. सुई टोपणात परत घालत नाहीत. सुया पांढऱ्या डब्यात, सलाइनचा सेट लाल पिशवीत, रक्ताने भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हे त्यांना विचारावं लागत नाही. इंजेक्शन देण्याआधी रुग्णाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून सांगायला लावतात. ‘तुम्ही रामभाऊ ना?’ असं विचारलं तर अर्धवट झोपेतला कुठलाही माणूस ‘हो’ म्हणतो, हे त्यांना स्किल लॅबमध्येच शिकवलेलं असतं.

दुसरी गोष्ट, ही मुलं प्रश्न विचारतात. आणि कुठलीही कृती करताना पायऱ्या गाळत नाहीत. कॅथेटरच्या म्हणजे लघवीच्या नळीच्या ट्रेमध्ये काय काय लागतं हे विचारलं तर धडाधडा सांगतात.

मग तक्रार कशाची असते?

वॉर्डातलीच भाषा वापरायची तर, कृती येते पण ड्युटी येत नाही. इन्चार्ज सिस्टरच्या बहुतेक तक्रारी शेवटी या एका वाक्यात येऊन बसतात, म्हणून ते जरा उलगडून पाहायला हवं.

सकाळची आठ ते दोनची पाळी घ्या. विद्यार्थिनीकडे सहा रुग्ण दिले आहेत. पहिल्याला नाश्त्याआधी अर्धा तास इन्सुलिन द्यायचंय आणि कॅन्टीनची गाडी जिन्याशी आली आहे. दुसऱ्याचं काल हर्नियाचं ऑपरेशन झालंय आणि रात्रीपासून त्याला लघवी झालेली नाही. तिसऱ्याची रक्ताची पिशवी रक्तपेढीतून आत्ताच आली आहे. चौथ्याला डिस्चार्ज मिळालाय आणि नातेवाईक कागदांसाठी उभे आहेत. पाचव्याचं ड्रेसिंग आहे. सहावी आजी शांत पडून आहेत, काही मागत नाहीत.

यातली प्रत्येक कृती या मुलीला सुटी सुटी येते. तिने ती पायरीनिशी करून दाखवली आहे, गुणही मिळवले आहेत. पण आधी कोणाकडे जायचं? बहुतेक वेळा ती डिस्चार्जकडे जाते, कारण नातेवाईकांचा आवाज सगळ्यात मोठा असतो. अनुभवी सिस्टर आधी दारातून सहाही चेहऱ्यांवर नजर फिरवते, शांत पडलेल्या आजींना हाक मारून बघते, कारण न बोलणारा रुग्णच कधीकधी सगळ्यात आजारी असतो. मग इन्सुलिन. मग रक्त, कारण पिशवी मिळाल्यापासून अर्ध्या तासात चालू व्हायला हवी आणि चार तासांत संपायला हवी. पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नसतं, त्याच वेळात शेजारच्या कॉटवरच्या हर्नियाच्या रुग्णाचं ओटीपोट हाताने तपासून होतं. डिस्चार्ज दहा वाजेपर्यंत थांबू शकतो आणि नातेवाईकांना तसं नीट सांगता येतं.

हा क्रम कुठल्याही चेकलिस्टमध्ये सापडत नाही. एकेका कृतीची यादी करून शिकवलं की कृतींच्या मधली जागा रिकामी राहते, आणि खरी ड्युटी नेमकी त्याच जागेत चालते. दोष मुलीचा नाही. तिच्याकडे एका वेळी एकच रुग्ण दिला गेला असेल तर हे ती शिकणार कधी?

लॅबमध्ये उत्तम सलाइन लावणाऱ्या विद्यार्थ्याचा हात रुग्णाजवळ का थरथरतो?

लॅबमधल्या रबरी हाताची शीर सरळ, जाड आणि जागच्या जागी असते. सत्तरीतल्या, जुलाबाने सुकलेल्या आजोबांची शीर पातळ असते, बोट लावलं की सरकते आणि टोचताच फुटते. शिवाय रबरी हात ‘आई गं’ म्हणत नाही.

इथे इन्चार्ज सिस्टर खूप काही देऊ शकतात, कारण हे पुस्तकात फार थोडं आहे. मुलगा सवयीने हिरवा म्हणजे १८ नंबरचा कॅन्युला (शिरेत घालायची सुई-नळी) उचलतो, कारण लॅबमध्ये तोच होता. अशा हाताला निळा २२ पुरतो. गुलाबी २० ठीक, पिवळा २४ लहान मुलांना आणि अगदी नाजूक शिरांना. टुर्निकेट म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा टोचायच्या जागेच्या वर चार बोटं तरी बांधायचं आणि मिनिटभरापेक्षा फार जास्त ठेवायचं नाही. कातडी अंगठ्याने खाली ताणून शीर अडकवायची. रक्त दिसलं की बहुतेक विद्यार्थी तसेच पुढे रेटतात आणि शीर आरपार जाते. रक्त दिसताक्षणी कोन कमी करायचा, सुई कातडीला जवळजवळ समांतर आणायची, दोन-तीन मिलिमीटर पुढे जायचं, मग सुई तिथेच धरून नुसती नळी सरकवायची. आणि सुई काढण्याआधी टुर्निकेट सोडायचं. हे शेवटचं विसरलं की चादर रक्ताने भरते आणि मुलगा पुढचे दोन दिवस सलाइनच्या ट्रॉलीजवळ फिरकत नाही.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा प्रयत्न दुसऱ्या कोणीतरी करायचा, हा नियम वॉर्डात ठरवून टाका. रुग्णाचा हात हे सरावाचं साधन नाही, हे विद्यार्थ्याला ओरडून नव्हे तर नियम करून कळतं.

औषधांच्या बाबतीत कुठे लक्ष ठेवावं?

सगळ्यात जास्त इथेच. ‘पाच योग्य’ (योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ) तोंडपाठ असतात, गडबड गणितात होते. ५०० मिली सलाइन आठ तासांत द्यायचंय आणि सेट मिलीला २० थेंबांचा आहे, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हे कागदावर येतं. पण हातातला सेट मायक्रो असेल, मिलीला ६० थेंबांचा, तर तेच २१ थेंब धरल्यावर सलाइन तिप्पट वेळ चालेल, हे लक्षात येत नाही. पाकिटावरचा आकडा आधी मोठ्याने वाचायला लावा.

दुसरी जागा इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदींचं इन्सुलिन मिळतं. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असतं, शंभरच्या सिरिंजला केशरी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध पडायला ही एक चूक पुरते. हे आकडे विद्यार्थ्याला माहीत असतात, पण ट्रेमध्ये दोन्ही रंगांच्या सिरिंजा एकत्र पडल्या असतील तर ते माहीत असून उपयोग नाही. ट्रे वेगळे करणं हे इन्चार्जचं काम आहे.

लहान मुलांच्या वॉर्डात एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदी गोंधळ घालतात. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे १२० मिलिग्रॅम. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमधून ते ४.८ मिली होतं, पाच मिलीत २५० मिलिग्रॅमच्या सिरपमधून २.४ मिली, आणि मिलीला १०० मिलिग्रॅमच्या थेंबांच्या बाटलीतून १.२ मिली. ‘पाच मिली द्या’ असं मोघम सांगणाऱ्या नातेवाईकावर किंवा कोणाच्या आठवणीवर विसंबायचं नाही, बाटली हातात घ्यायची.

पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल विद्यार्थ्याच्या हाती एकट्याने जाता कामा नये. ते शिरेत थेट कधीच देत नाहीत, नेहमी सलाइनमध्ये मिसळून, ठरलेल्या गतीनेच. यात सवलत नाही.

टी.पी.आर. (तापमान, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्यांची श्वासगती २० कशी असते?

कारण मोजलेली नसते. ही खोड फक्त विद्यार्थ्यांची नाही. ते वॉर्डात आल्यावर आपल्याकडूनच शिकतात. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी पूर्ण साठ सेकंद मोजतो, नाडी मोजून झाल्यावर मनगट तसंच धरून ठेवतो म्हणजे रुग्णाला कळत नाही आणि श्वास बदलत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला दिसतं की त्या चार्टवर सगळीकडे २० किंवा १८ लिहिलंय. मग तोही लिहितो. इन्चार्जने अभिप्रायात ‘निरीक्षण कमी पडतं’ असं लिहिण्याआधी आपल्याच चार्टवरून नजर फिरवावी. तब्येत ढासळायला लागली की श्वासगती बहुधा सगळ्यांत आधी बदलते, आणि नेमका तोच आकडा आपण अंदाजाने लिहितो.

लॉगबुकवर सही मागत मागे लागतात. करायची का?

कृती स्वतः पाहिली असेल तरच. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी वीस सह्या एकदम मागायला विद्यार्थी येतात, त्यात त्यांचा आळस थोडा आणि आपली व्यवस्था जास्त कारणीभूत असते. एका इन्चार्जच्या वॉर्डात तीन कॉलेजांची मुलं, प्रत्येकाचं लॉगबुक वेगळ्या आकाराचं, आणि सही करायला एकच माणूस.

उपाय सोपा आहे: सही त्याच दिवशी, त्याच पाळीत. आणि सहीबरोबर पातळी लिहायची. विद्यार्थ्याने ती कृती नुसती पाहिली, मदतीने केली, देखरेखीखाली स्वतः केली, की सांगावं न लागता केली? या चारपैकी एक शब्द लिहिला तर त्या सहीला काही किंमत आहे. नुसतं ‘झालं’ लिहिलं तर पुढच्या वॉर्डातल्या सिस्टरला त्यातून काहीच कळत नाही.

न पाहिलेल्या कृतीवर सही करणं म्हणजे पुढच्या वॉर्डातल्या रुग्णाला आपण दिलेली खोटी हमी आहे. ‘बिचारीचं वर्ष जाईल’ ही दया समजू शकते, पण त्यावर वाट आहे: क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला सांगून एक जादा दिवस मागून घ्या. हजेरी शंभर टक्के भरायचीच असते, त्यामुळे कॉलेजांकडे भरपाईच्या पोस्टिंगची सोय असते.

दहा वेळा केलं म्हणजे आलं, असं धरायचं का?

नाही, पण आकडा निरुपयोगीही नाही. दहा कॅथेटर टाकलेल्या मुलीने त्यातले आठ बायकांना, तेही भुलीखाली, टाकले असतील तर प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांसमोर ती अडणारच. म्हणून ‘किती’बरोबर ‘कोणाला’ आणि ‘कुठल्या परिस्थितीत’ हेही नोंदवा.

ओस्कीत ९० टक्के मिळवणारी मुलगी वॉर्डात का घाबरते?

ओस्की म्हणजे ठरावीक मिनिटांच्या स्टेशनांची परीक्षा. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडली आणि आता नर्सिंगच्या विद्यापीठ परीक्षेतही ती असते. स्टेशनवर एकच काम असतं, मध्येच कोणी हाक मारत नाही, घंटा वाजली की पुढे जायचं. पुढे १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी शिक्षणाच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. ओस्की तिसऱ्या पायरीपर्यंत नेते. चौथी पायरी वॉर्डातच चढावी लागते. म्हणूनच नव्या पद्धतीत प्रत्यक्ष रुग्णाजवळचं निरीक्षणही परीक्षेत धरलं आहे. ओस्कीत चांगले गुण आणि वॉर्डात भीती, यात विरोधाभास काही नाही. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आहेत.

चाळीस कॉटचा वॉर्ड, दोन सिस्टर. शिकवायला वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ‘मन असेल तर वेळ मिळतो’ असं देणं अन्याय ठरेल. विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक हवेत, एका विद्यार्थ्याकडे किती रुग्ण असावेत याचे निकष आय.एन.सी.ने ठरवून दिले आहेत. प्रत्यक्षात इन्स्ट्रक्टर दोन वॉर्डांत धावत असते आणि मुलं इन्चार्जच्या भरवशावर असतात. हे लेखी कळवणं, अधिसेविका मॅडममार्फत कॉलेजपर्यंत पोचवणं, हे इन्चार्जचं कर्तव्य आहे. त्याला कोणी कुरकुर म्हटलं तरी कळवावं.

आहे त्या वेळात मात्र एवढं होतं. एका पाळीत एकाच विद्यार्थ्याची एकच कृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता पाहायची. पाच ते दहा मिनिटं लागतात. रुग्णाला धोका दिसला तरच थांबवायचं. मग ट्रॉलीजवळ, रुग्णाच्या आणि नातेवाईकांच्या कानावर जाणार नाही अशा आवाजात, दोन मिनिटं बोलायचं. आधी तिलाच विचारायचं, ‘पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील?’ बहुतेक वेळा चूक तीच सांगते. आठवड्यात सहा पाळ्या म्हणजे सहा विद्यार्थी नीट पाहून होतात. सगळ्यांना थोडं थोडं पाहण्यापेक्षा हे बरं.

‘सिस्टर, हे असं का?’ असं विचारणं उद्धटपणा नाही का?

जुन्या शिस्तीत वाढलेल्यांना तसं वाटू शकतं. ज्या काळात मॅट्रन मॅडम राउंडला आल्या की विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, त्या काळातून आलेल्या सिस्टर आज इन्चार्ज आहेत. पण ‘सिस्टर, या रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं केसपेपरवर लिहिलंय, तरी हे द्यायचं का?’ असं विचारणारी विद्यार्थिनी उद्धट नाही, ती त्या रुग्णाची आणि तुमचीही राखण करते आहे.

फरक शब्दांपेक्षा वेळेचा असतो. रुग्णासमोर ‘आम्हाला तर असं शिकवलं नाही’ म्हणणं चुकीचं, आणि ते स्पष्ट सांगावं. धोक्याची गोष्ट असेल तर तत्काळ, बाकी शंका ट्रॉलीजवळ किंवा हँडओव्हरनंतर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवून झाल्यावर. एवढं पहिल्याच दिवशी ओरिएंटेशनमध्ये सांगून टाकलं तर पुढची बरीच धुसफूस वाचते.

रुग्णाशी बोलण्यात ही मुलं कशी वाटतात?

पद्धत छान, भाषा अडते. संवादाचे धडे इंग्रजीत झालेले असतात. वेदना शून्य ते दहा आकड्यांत विचारायची हे त्यांना येतं. पण विदर्भातली किंवा मराठवाड्यातली आजी आकडा सांगत नाही. ती म्हणते, ‘चमक निघते’, ‘कळ येते’, ‘ठणकतंय’, ‘आग होते’, ‘जड झालंय’, ‘गळाल्यासारखं वाटतं’. यातला प्रत्येक शब्द वेगळी माहिती देतो. चमक म्हणजे क्षणात येऊन जाणारी, कळ म्हणजे थांबून थांबून येणारी, ठणका म्हणजे पू धरलेल्या जागेचा. ‘छातीत जड झालंय’ असं साठीतला माणूस सांगतो तेव्हा ‘पेन स्कोअर तीन’ लिहून पुढे जाणं धोक्याचं आहे.

परप्रांतातून महाराष्ट्रात शिकायला आलेल्या मुलांना हे शब्द मुद्दाम द्यावे लागतात. वॉर्डाच्या फळ्यावर असे पंधरा-वीस शब्द अर्थासकट लिहून ठेवले की भागतं. बाळंतिणीच्या वॉर्डात ‘पान्हा फुटत नाही’, ‘अंगावरून जास्त जातंय’ हे कळलंच पाहिजे. दुसऱ्या वाक्याचा अर्थ रक्तस्राव आहे आणि तिथे दुभाष्या शोधायला वेळ नसतो.

इथे इन्चार्ज सिस्टरसाठीही एक गोष्ट. विद्यार्थी रुग्णाला ‘आजी’, ‘मावशी’, ‘दादा’ म्हणतात आणि बोलताना खाली वाकतात किंवा बसतात. ‘ए आजे, सरक’ अशा आपल्या घाईच्या सवयीपेक्षा ते किती चांगलं आहे, हे कबूल करायला हवं.

विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण?

विद्यार्थी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत नर्स झालेला नसतो, त्यामुळे तो जे करतो ते नोंदणीकृत नर्सच्या देखरेखीखाली असायला हवं. हे दोन्ही बाजूंनी समजून घ्यावं. इन्चार्जने मनुष्यबळ कमी आहे म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे एकट्याने औषधांची ट्रॉली सोपवू नये, आणि विद्यार्थ्याने ‘सिस्टरनी सांगितलं’ म्हणून न येणारी कृती करू नये. ‘मी हे अजून देखरेखीशिवाय केलेलं नाही’ हे वाक्य बोलता येणं, हीसुद्धा एक क्षमताच आहे.

चूक झाली तर क्रम असा: आधी रुग्ण, मग डॉक्टरांना कळवणं, मग खरी वेळ टाकून लेखी नोंद, मग इन्स्ट्रक्टर. खाडाखोड नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर झापलं तर पुढची चूक लपवली जाईल आणि ती रुग्णाच्या अंगावर येईल.

सुई टोचली तर जखम पिळायची नाही, तोंडात घालायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच कळवायचं. एच.आय.व्ही.ची प्रतिबंधक औषधं लागली तर शक्यतो दोन तासांत, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. ओरडा बसेल या भीतीने मुली संध्याकाळपर्यंत सांगत नाहीत. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांवरचे, पूर्ण झाले आहेत का हे पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी विचारा.

इंटर्नशिपमध्ये अपेक्षा किती ठेवावी?

आठवं सत्र पूर्ण इंटर्नशिपचं आहे: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. वर सांगितलेली ‘ड्युटी’ शिकवायची जागा हीच. पहिल्या आठवड्यात दोन रुग्णांची पूर्ण जबाबदारी द्या, अंघोळीपासून औषधांपर्यंत आणि नोंदीपासून हँडओव्हरपर्यंत. ते नीट झालं की चार, मग सहा. रोज सकाळी हँडओव्हरनंतर एकच प्रश्न विचारा: ‘यातला कोण आधी, आणि का?’ उत्तर चुकलं तर कारण सांगा. पंधरा दिवसांत उत्तरं बदलायला लागतात.

हँडओव्हर इंटर्नकडून बोलून घ्या. कोण रुग्ण, आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, तिला स्वतःला काय वाटतं, पुढे काय करायचंय. चौथ्या भागाला, म्हणजे ‘तिला काय वाटतं’ याला, बहुतेक इंटर्न अडखळतात. तिथेच थांबून वाट पाहायची. इंटर्नला रिकाम्या जागी भरलेला स्टाफ समजून फक्त नाइटला टाकलं तर २२ आठवडे संपतात आणि हे काहीच होत नाही.

अभिप्रायाच्या फॉर्मवर काय लिहावं?

‘गुड’, ‘समाधानकारक’, ‘मेहनती मुलगी’ एवढ्यावर कॉलेज काहीच करू शकत नाही. सगळ्यांना पाचपैकी चार देणं हीही तीच पळवाट. एखादी मुलगी गोड बोलते म्हणून तिचं ड्रेसिंगही चांगलं असेल, असं मन आपोआप धरून चालतं. त्यावर इलाज एकच, पाहिलेली गोष्ट लिहायची.

असं लिहा: ‘मधुमेही रुग्णाच्या पायाचं ड्रेसिंग निर्जंतुक पद्धतीने केलं. जखमेची खोली मोजली नाही, विचारल्यावर मोजली. रुग्णाला पाय रोज कसा तपासायचा हे सोप्या मराठीत सांगितलं.’ तीन वाक्यं, एक मिनिट. इन्स्ट्रक्टरला नेमकं कळतं की जखमेचं मोजमाप पुन्हा शिकवायचंय.

विद्यार्थी खरोखर कमी पडत असेल तर कधी सांगायचं?

पोस्टिंगच्या अर्ध्यावर. दोन आठवड्यांची पोस्टिंग असेल तर सातव्या दिवशी, चौदाव्या नव्हे. आधी त्याला एकट्याला, मग इन्स्ट्रक्टरसमोर. काय कमी पडतं ते दोनच मुद्द्यांत, आणि उरलेल्या दिवसांत काय करून दाखवायचं ते ठरवून. शेवटच्या दिवशी फॉर्मवर शेरा मारून पाठवलेला मुलगा तोच दोष घेऊन सोमवारी दुसऱ्या वॉर्डात उभा असतो, आणि तिथल्या सिस्टरला तो पुन्हा पहिल्या दिवसापासून शोधून काढावा लागतो.